शंभराव्या पानावर खुनी ओळखणाऱ्या वाचकाने आता काय वाचावं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. शाळेत फास्टर फेणे, कॉलेजात शिरवळकर, मग अख्खी अगाथा ख्रिस्ती आणि अख्खा होम्स, मधेच कधीतरी ब्योमकेशही झाला. गेल्या वर्षभरात 'नवीन, गाजलेल्या' म्हणून आठ रहस्यकादंबऱ्या विकत घेतल्या आणि त्यातल्या सहा अर्ध्यावर टाकल्या, कारण शंभराव्या पानाच्या आसपास खुनी कोण ते कळूनच जातं. तेव्हा खरोखर चकवतील अशी अलीकडची पाच नावं हवीत. इंग्रजी चालेल, मराठी असेल तर दुधात साखर.

पाच नावं देते. पण नुसती नावं दिली तर त्यातलीही तीन तुम्ही अर्ध्यावर टाकाल, म्हणून आधी थोडं बोलू.

मी डोंबिवलीत सर्क्युलेटिंग लायब्ररी चालवते. सासऱ्यांनी सुरू केलेली. काउंटरवर मी बसायला लागले त्याला सव्वीस वर्षं झाली आणि रहस्यकथांचं कपाट माझ्या पाठीमागेच आहे. नवा सभासद आला की त्याला 'काय आवडतं?' असं मी विचारत नाही. उत्तर ठरलेलं असतं आणि बहुतेक वेळा ते विसाव्या वर्षी आवडलेल्या पुस्तकाचं असतं. मी विचारते, 'न संपवता परत केलेलं शेवटचं पुस्तक कोणतं?' मग माणूस एकदम खरं बोलायला लागतो. दुसरा पुरावा पुस्तकाच्या पाठीमागे चिकटवलेल्या तारखांच्या चिठ्ठीचा. रहस्यकादंबरी एक तर तीन दिवसांत परत येते, नाहीतर दंड भरून महिन्याने. सामाजिक कादंबरीचं तसं नाही, ती आपली निवांत पंधरा दिवस फिरते.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही खुनी ओळखता हे मान्य. पण कशावरून ओळखता?

टीव्हीवरची पोलिसांची मालिका आठवा. पहिल्या पाच मिनिटांत एक नावाजलेला नट शेजाऱ्याच्या भूमिकेत येतो, 'फार चांगला माणूस होता हो' एवढं म्हणतो आणि निघून जातो. घरातलं शेंबडं पोरही सांगतं की खुनी हाच, एवढ्याशा कामाला इतका मोठा नट कोण घेईल? त्या पोराने पुरावा तपासलेला नसतो, फक्त पात्रयोजना वाचलेली असते. तुमचंही बहुधा तेच होतंय. चाळीस-पन्नास वर्षांचा साचा तुमच्या अंगवळणी पडलाय. ज्याचं कथेत काही काम नाही पण लेखक ज्याला पुनःपुन्हा चहा द्यायला पाठवतो, तो तुमच्या डोळ्यांत भरतो. ही हुशारीच आहे, पण ती पुस्तकाच्या आतली नाही, बाहेरची आहे.

म्हणून पुढच्या पुस्तकाला एक करून बघा. खुनी कळला असं वाटलं की तिथेच एका चिठ्ठीवर पान क्रमांक आणि कारण लिहायचं. 'त्याने डाव्या हाताने कुलूप उघडलं' असं कारण आलं तर लेखकाने प्रामाणिकपणे दुवा ठेवला होता आणि तुम्ही तो पकडलात. दोघांचं अभिनंदन. 'दुसरं कोणी उरलंच नाही' किंवा 'हा फारच गोड बोलतो' असं कारण आलं तर मात्र गोष्ट वेगळी. माझ्याकडच्या एका निवृत्त स्टेशनमास्तरांनी हे वर्षभर केलं. त्यांच्या चिठ्ठ्या अजून ड्रॉवरमध्ये आहेत. बहुतेकींवर दुसऱ्या प्रकारचीच कारणं. त्यानंतर त्यांनी माझ्याकडे 'जास्त अवघड' पुस्तकं मागणं बंद केलं आणि 'वेगळी' मागायला लागले.

तुमच्यासाठीही मला तेच वाटतं. 'खून कोणी केला?' या एकाच प्रश्नाचा तुम्ही इतका सराव केलाय की तो प्रश्न विचारणारा कितीही चलाख लेखक आणला तरी निम्म्या वेळा तुम्हीच जिंकणार. दुसरा प्रश्न विचारणारी पुस्तकं घ्या. कसा केला, का केला, हे आपल्याला सांगतोय तो कोण, किंवा खून कळूनसुद्धा पुढे काय करायचं. गेल्या दहा-पंधरा वर्षांत चांगलं म्हणावं असं जे काही या प्रकारात आलंय, ते बरंचसं या दुसऱ्या प्रश्नांच्या वाटेने आलंय.

आणखी एक. 'नवीन' या शब्दाने फसू नका. दुकानात समोर मांडलेली चकचकीत जपानी रहस्यं बघा. सेइशी योकोमिझोची 'द होन्जिन मर्डर्स' इंग्रजीत आली २०१९ साली, पण जपानी मासिकात ती छापून आली १९४६ मध्ये. युकितो आयात्सुजीची 'द डेकॅगन हाउस मर्डर्स' १९८७ ची. आपल्या हातात ती पडली ती गेल्या दहा वर्षांत. आपल्यासाठी नवीन, लिहिणाऱ्याच्या आयुष्यात जुनी. मला विचाराल तर वाचकाला यात तोटा नाही. चाळणीतून गाळून आलेलं मिळतं.

तर जपानपासूनच सुरुवात करते, कारण तुमच्या दुखण्यावर पहिला उतारा तिथलाच आहे. तिकडे 'होनकाकु' नावाची परंपरा आहे. होनकाकु म्हणजे अस्सल, शास्त्रशुद्ध. सगळे दुवे वाचकापुढे मांडायचे, मग कोडं सोडवायचं. तिकडचा मधला काळ सामाजिक गुन्हेगारी कथांचा होता. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी विद्यापीठांतल्या रहस्यकथा मंडळांतून पुढे आलेल्या तरुणांनी हा खेळ नव्याने मांडला, आणि 'डेकॅगन हाउस' हे त्या लाटेचं पहिलं पुस्तक मानतात. गोष्ट साधी: एका निर्जन बेटावरच्या दशकोनी घरात कॉलेजच्या रहस्यकथा मंडळाची मुलं आठवडाभर राहायला जातात. मुलं एकमेकांना एलरी, अगाथा, पो अशा लेखकांच्या नावांनीच हाका मारतात. मग एकेक जण मरायला लागतो. ख्रिस्तीबाईंच्या कोणत्या पुस्तकाला हा नमस्कार आहे ते तुम्हाला सांगायला नको. आणि तुम्ही ते पुस्तक वाचलेलं आहे हे लेखकालाही पक्कं ठाऊक आहे. तुमचा सराव तो तुमच्याच विरुद्ध वापरतो. शेवटाकडे एक वाक्य आहे, अगदी छोटं. ते वाचून माझ्या एका सभासदाने रात्री साडेअकराला मला फोन केला होता.

'होन्जिन मर्डर्स'ची चव वेगळी. १९३७ साल, खेड्यातलं जुनं खानदानी घर, लग्नाची रात्र, बाहेर बर्फ, आणि मध्यरात्री कोतो या तंतुवाद्याचा आवाज. खोली आतून बंद, बर्फावर पाऊल नाही. यात 'कोणी'पेक्षा 'कसा' हा प्रश्न मोठा. पण मला ती लक्षात राहिली ती घराण्याच्या अभिमानामुळे. मुलगी आपल्या तोलामोलाची नाही म्हणून कुरकुरणारे नातेवाईक आपल्याकडच्या कुठल्याही वाड्यात बसवून द्या, एक ओळ बदलावी लागणार नाही. अडचण एकच, जपानी नावं. पहिली वीस पानं कोण कोणाचा कोण ते कळत नाही. मी पुस्तकात एक कोरं कार्ड ठेवून देते, त्यावर वाचकाने वंशावळ काढत जायची. गंमत म्हणजे कार्डं परत येतात तेव्हा त्यांवर पुढच्या वाचकासाठी सूचना असतात. खुन्याच्या नावाला फुली मारून आलेलंही एक कार्ड होतं. ते मी फाडलं आणि त्या गृहस्थांना पुढचे दोन महिने पाकशास्त्राची पुस्तकं दिली.

आता 'का' या प्रश्नाचा राजा, केइगो हिगाशिनो. त्याची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' तुम्ही वाचली नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा. जपानीत २००५, इंग्रजीत २०११. अगदी नवी नाही, पण तुमच्या यादीत ती दिसली नाही म्हणून सांगते. त्यावरचा 'जाने जान' हा हिंदी सिनेमा २०२३ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. तो आधी पाहिला असेल तरीही पुस्तक वाचा. खून कोणी केला ते पहिल्याच प्रकरणात डोळ्यांदेखत घडतं. शेजारचा गणिताचा मास्तर तो लपवायला मदत करतो, हेही आपल्यापुढेच. मग उरलं काय? उरतं ते शेवटी कळतं, आणि कळतं तेव्हा आपण सुरुवातीपासून चुकीचाच प्रश्न सोडवत बसलो होतो हे लक्षात येतं.

त्याच्याच 'मॅलिस'चा मी जास्त आग्रह करते. इंग्रजीत २०१४ मध्ये आली. एक लोकप्रिय लेखक देश सोडून जायच्या आदल्या रात्री मारला जातो. तपास करणारा कागा नावाचा अधिकारी पूर्वी शाळेत शिक्षक होता. खुनी बराच लवकर हाती लागतो, कबूलही होतो. पुढचं सगळं पुस्तक एवढ्यावर चालतं की याने खून केला तरी का? एक कारण सापडतं, पटतं, मग त्याखालून दुसरं निघतं. कांदा सोलावा तसं. 'शंभराव्या पानावर कळलं' ही तुमची फुशारकी इथे कोणाच्या कामाची नाही, लेखक स्वतःच सांगून मोकळा होतो. माझ्याकडची प्रत तीन वेळा बांधून घेतली.

तिसरी वाट सांगण्याच्या पद्धतीची. जॅनिस हॅलेटची 'द अपील' २०२१ मध्ये आली. अख्खी कादंबरी ईमेल, मेसेज आणि चिठ्ठ्यांतून उलगडते. कागदांचा हा गठ्ठा दोन शिकाऊ वकिलांच्या हाती दिलाय आणि तेही आपल्याबरोबर वाचताहेत. इंग्लंडमधल्या एका गावातली हौशी नाट्यसंस्था, नाटक बसवताहेत, तेवढ्यात संस्थेच्या प्रमुखाच्या नातीला गंभीर आजार असल्याचं कळतं आणि उपचारांसाठी वर्गणी सुरू होते. राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमीत ज्याने एक हिवाळा काढलाय त्याला हे पुस्तक वाचताना हसू आवरणार नाही. मुख्य भूमिका कोणाला, कोण कोणाच्या मागे काय बोललं, वर्गणीचा हिशोब कोणाकडे, सगळं तेच. कोणाचा मेसेज गठ्ठ्यात नाही हेही इथे लक्षात ठेवावं लागतं. पात्रं भरपूर आहेत, मोबाईलवर वाचायला कंटाळा येईल. छापील प्रत घ्या.

अँथनी हॉरोविट्झची 'मॅगपाय मर्डर्स' २०१६ ची. एका संपादिकेच्या हाती रहस्यकादंबरीचं हस्तलिखित येतं, ते आपणही वाचतो, आणि नेमकं शेवटचं प्रकरण गायब. एका पुस्तकाच्या किमतीत दोन खून. पुढे 'मूनफ्लॉवर मर्डर्स' २०२० मध्ये आणि 'मार्बल हॉल मर्डर्स' २०२५ मध्ये आली. हे तीन मात्र क्रमानेच वाचा, पुढच्या पुस्तकांत पहिल्याचा निकाल बोलता बोलता फुटतो. ख्रिस्तीप्रेमींना मी हे डोळे झाकून देते. तुमच्यासारख्याला कदाचित आतला खुनी कळेल, बाहेरचा नाही, किंवा उलट.

ऑस्ट्रेलियातल्या बेंजामिन स्टीव्हनसनने तर कमालच केली. 'एव्हरीवन इन माय फॅमिली हॅज किल्ड समवन', २०२२. रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरूने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले होते. गुप्त वाट एकापेक्षा जास्त नको, जुळे भाऊ अचानक आणायचे नाहीत वगैरे. ते नियम लेखक सुरुवातीलाच छापतो, आणि निवेदक कोणत्या पानांवर माणसं मरणार तेही आधीच सांगून टाकतो. विनोदी आहे, पण हिशोब चोख. मला त्याचा दुसऱ्यांदा कंटाळा आला, पहिल्यांदा नाही.

उकेत्सुचं 'स्ट्रेंज पिक्चर्स' जानेवारी २०२५ मध्ये इंग्रजीत आलं. हा पांढरा मुखवटा घालून व्हिडिओ करणारा जपानी लेखक, खरं नाव कोणाला ठाऊक नाही. पुस्तकात चित्रं आहेत आणि दुवे त्या चित्रांतच आहेत. दोन बैठकांत संपतं. थरार आहे, थोडं अंगावर येणारंही आहे. घरात सोळा-सतरा वर्षांचं न वाचणारं कोणी असेल तर त्याच्या हाती द्या, तुम्हाला परत मिळणार नाही.

आणि एक अगदीच वेगळं, जे मी स्वतः होऊन कधी उचललं नसतं. रॉबर्ट जॅक्सन बेनेटची 'द टेंटेड कप', २०२४. हिला २०२५ चा ह्यूगो पुरस्कार मिळालाय, म्हणजे दुकानात ती विज्ञान-अद्भुताच्या कपाटात सापडेल, रहस्याच्या नाही. काल्पनिक साम्राज्य, समुद्रातून येणारे अजस्र प्राणी, आणि एका अधिकाऱ्याच्या शरीरातून रातोरात झाड उगवून तो मेलेला. तपास करणारी बाई डोळ्यांना पट्टी बांधून घरात बसते. तिचा मदतनीस सगळं पाहून, पाठ करून येतो आणि तिला सांगतो. आत अगदी जुन्या धाटणीची डिटेक्टिव्ह कथा आहे. पण जगाचे नियमच निराळे असल्यामुळे 'असा माणूस खुनी असतो' ही तुमची सवय तिथे लागू पडत नाही, पुरावाच वाचावा लागतो. तुम्हाला ही मी मुद्दाम देईन.

चौथी वाट माणसांची. रिचर्ड ऑस्मनचा 'द थर्सडे मर्डर क्लब', २०२०. केंटमधल्या ज्येष्ठांच्या वसाहतीतले चौघे दर गुरुवारी जुन्या न सुटलेल्या केसेस घेऊन बसतात. खरं सांगते, कोडं म्हणून ही मालिका तुम्हाला साधी वाटेल. पण जॉइसबाईंची डायरी वाचताना खुनी कोण याच्याशी मला काही देणंघेणं उरलं नाही. चौथं पुस्तक, २०२३ चं 'द लास्ट डेव्हिल टू डाय', स्मृतिभ्रंश झालेल्या नवऱ्याविषयी आहे तितकंच खुनाविषयी आहे, आणि माझ्या काउंटरवर डोळे पुसत परत आलेलं हे एकमेव रहस्यपुस्तक. मालिकेतलं पाचवं २०२५ मध्ये आलं. क्रमाने वाचा. आयर्लंडच्या टाना फ्रेंचची 'द सर्चर' आणि २०२४ ची 'द हंटर' याच जातीची, पण संथ. पहिला गुन्हा होईपर्यंत तुमचे दोन लोकल प्रवास होतात. तुम्हाला रुचेल का हे तुमच्या त्या सहा पुस्तकांवर अवलंबून आहे.

आता आपल्या मातीतलं. इथे मी जरा जास्त बोलणार, कारण मुंबईवर गेल्या काही वर्षांत तिघांनी मन लावून लिहिलंय आणि आपल्या वाचकांना ते पुरेसं माहीत नाही.

सुजाता मॅसीची परवीन मिस्त्री १९२१ च्या मुंबईत वडिलांच्या फर्ममध्ये सॉलिसिटर आहे. पहिलं पुस्तक २०१८ चं, भारतात 'अ मर्डर ऑन मलबार हिल' या नावाने मिळतं. एका मुसलमान गिरणीमालकाच्या तीन विधवा पडद्यात राहतात, त्यांच्याशी पुरुष वकील बोलू शकत नाही. परवीन बोलू शकते. डिटेक्टिव्ह बाईच का, याचं इतकं चोख कारण मी फार थोड्या पुस्तकांत पाहिलंय. या पात्रामागे कॉर्नेलिया सोराबजी आहेत. जन्म नाशिकचा, १८६६ चा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात, मग ऑक्सफर्डला कायदा. पडद्यातल्या स्त्रियांची कायद्याची कामं त्यांनी खरोखरच केली. मालिकेतलं दुसरं पुस्तक सह्याद्रीतल्या एका काल्पनिक संस्थानात घडतं, ऐन पावसात. तिसऱ्यात १७ नोव्हेंबर १९२१ ला प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत उतरतो आणि शहरात दंगल उसळते. ती दंगल खरी, गोष्ट रचलेली.

वसीम खानची 'मिडनाइट ॲट मलबार हाउस' २०२० ची. ३१ डिसेंबर १९४९ ची रात्र, प्रजासत्ताक व्हायला महिना बाकी, एका इंग्रज मुत्सद्द्याचा खून, आणि फोन उचलते पर्सिस वाडिया, देशातली पहिली स्त्री पोलीस इन्स्पेक्टर, जिला नकोशा अधिकाऱ्यांच्या ठाण्यात टाकलंय. पुस्तकाला ब्रिटनच्या क्राइम रायटर्स असोसिएशनचा ऐतिहासिक कादंबरीचा पुरस्कार मिळाला. मला मात्र दुसरं, 'द डाईंग डे', जास्त आवडलं. मुंबईच्या टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीतून दान्तेच्या महाकाव्याचं प्राचीन हस्तलिखित नाहीसं होतं. ते हस्तलिखित सोसायटीकडे खरंच आहे, हे टाउन हॉलच्या पायऱ्यांवर बसून शेंगदाणे खाणाऱ्या किती जणांना माहीत असेल?

तिसरी नेव्ह मार्चची 'मर्डर इन ओल्ड बॉम्बे', २०२०. १८९१ मध्ये राजाबाई टॉवरवरून दोन तरुण पारशी स्त्रिया पडून मेल्या. त्यातली एक अर्देशिर गोदरेज यांची पत्नी. ही घटना घेऊन, नावं बदलून, मार्चने कादंबरी रचली. तिचा नायक कॅप्टन जिम अग्निहोत्री पुण्याच्या लष्करी इस्पितळात पडल्या पडल्या शेरलॉक होम्स वाचत असतो आणि वर्तमानपत्रातल्या बातमीवरून या प्रकरणात शिरतो. पुस्तक मध्येच लांबच्या प्रवासाला निघतं तेव्हा पकड सुटते, हे आधीच सांगते.

तिन्हींत पारशी घर का, असा प्रश्न माझ्या मुलीने विचारला होता. मला वाटतं, इंग्रजांचा दिवाणखाना आणि देशी माजघर या दोन्हींत त्या काळी ज्यांची मुलगी जाऊ शकत होती अशी घरं थोडीच, आणि डिटेक्टिव्हला तर दोन्ही दारांतून आत जायला हवं. तक्रारही करून ठेवते. ही पुस्तकं परदेशी वाचकाला समोर ठेवून लिहिलेली आहेत, त्यामुळे साडी म्हणजे काय, डबा म्हणजे काय हे आपल्याला समजावून सांगितलं जातं. आणि फोर्ट-मलबार हिलपुढची मुंबई, गिरगाव-लालबागच्या चाळींतली, तिथे फारशी भेटत नाही. ती कादंबरी मराठीत कोणीतरी लिहायला हवी.

मग मराठीत काय? सासरे सांगायचे, बाबूराव अर्नाळकरांचं नवं पुस्तक आलं की दुपारीच माणसं दाराशी उभी असत. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू हे त्यांचे नायक. एकट्या माणसाने हजारावर पुस्तकं लिहिली. गुरुनाथ नाईकही त्याच मापाचे. मग शिरवळकरांचे दारा बुलंद, फिरोज इराणी, अमर विश्वास. महिन्याला नवी पॉकेटबुकं येत तेव्हाच हा धंदा चालत होता. ती साखळी तुटली आणि नवा लेखक आला तरी त्याला दर महिन्याला लिहायला लावणारं कोणी उरलं नाही. आज अस्सल तपासाची नवी मराठी कादंबरी माझ्याकडे वर्षाकाठी बोटांवर मोजण्याइतकी येते, आणि त्यातली तुमच्यासारख्याला चकवेल अशी मी हमी देणार नाही. भय आणि गूढ यांत आपली मंडळी जास्त रमतात, ते वेगळं सुख आहे. मराठी हवंच असेल तर 'धनंजय' आणि 'नवल' हे दिवाळी अंक घ्या. रहस्यकथेला तिथे अजून जागा आहे, आणि दहा पानांत कोडं मांडून सोडवायचं असल्यामुळे पाल्हाळ कमी. कानाने वाचायची तयारी असेल तर ऑडिओवर मराठी थरारकथा भरपूर मिळतात, पण त्यात पाठलाग जास्त, तपास कमी.

विकत घेताना दोन गोष्टी सांभाळा. मलपृष्ठावर 'शेवटचा धक्का तुम्हाला कधीच कळणार नाही' अशी भाषा असेल तर ते पुस्तक ठेवून द्या. धक्का येणार हे सांगितल्यावर तुमच्यासारखा वाचक पहिल्या पानापासून दबा धरून बसतो, मग पुस्तक चांगलं असलं तरी मजा गेली. दुसरं, फुटपाथवरच्या स्वस्त नकली प्रती. मीही एकदा घाईत अशी घेतली होती. शेवटचा सोळा पानांचा फर्माच नव्हता, त्याजागी मधलीच पानं पुन्हा बांधलेली. चार सभासदांनी ते वाचून परत दिलं आणि एकानेही तक्रार केली नाही. 'शेवट जरा मोघम आहे' असं एकजण म्हणाला तेवढंच.

तर तुमच्या पाचांचा क्रम मी असा लावेन: आधी 'मॅलिस', लगेच 'डेकॅगन हाउस', मग चव बदलायला 'द अपील', त्यानंतर 'द टेंटेड कप', आणि पाचवं 'द डाईंग डे', पर्सिसची ओळख आधी हवी वाटली तर त्याच्या अगोदर 'मिडनाइट ॲट मलबार हाउस'. 'सस्पेक्ट एक्स' वाचली नसेल तर ती या सगळ्यांच्या आधी, ती पाचांत धरलेली नाही. ऑस्मन यादीत नाही, कारण तुम्ही चकवा मागितलाय. पण घरात आईवडील सत्तरीचे असतील तर त्यांच्यासाठी घ्या आणि रात्री चोरून वाचा.

हे सगळं तुमच्या एका वाक्यावरून बांधलेलं अनुमान आहे, चुकूही शकतं. तुम्ही अर्ध्यावर टाकलेल्या सहा पुस्तकांची नावं आणि जमल्यास कितव्या पानावर टाकलीत तेवढं कळवा. आवडलेल्या दोनांची नावं नाही सांगितलीत तरी चालेल.